डीएस३२३१ घड्याळ वीज गेल्यावर २० तास ४५ मिनिटं मागे: ड्रायव्हरमध्ये नेमकं कुठे बघायचं?

जेटी_नोंद (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मिरकरवाडा जेटीवर समुद्राची पातळी आणि पाऊस नोंदवणारे तीन डबे मे महिन्यापासून चालू आहेत. आत एआरएम बोर्ड, लिनक्स कर्नल ५.१०, आयटूसी बस (चिपा जोडणाऱ्या दोन तारा) क्रमांक १ वर डीएस३२३१ घड्याळाची चिप, पत्ता हेक्स ६८ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायातला आकडा), मागे सीआर२०३२ सेल. चिपमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ठेवलेली आहे. बोर्डाच्या विक्रेत्याने या चिपसाठी स्वतःचा ड्रायव्हर (कर्नलला चिपशी बोलायला लावणारा प्रोग्राम) दिला आहे, तोच वापरात आहे. नेटवर्क असलं की क्रोनी हा प्रोग्राम वेळ जुळवून घेतो, पण पावसात वीज गेली की बऱ्याचदा मोबाइल टॉवरही जातो. मग वीज आल्यावर पुढचे काही तास डबा चिपच्याच भरवशावर असतो.

लक्षणं तीन प्रकारची आहेत.

१२ जुलैच्या रात्री १:५० ला वीज गेली, २:३५ ला आली. डबा सुरू झाला तेव्हा घड्याळात ११ जुलै, सकाळचे ५:५०. बूट व्हायला लागणारे काही सेकंद सोडले तर बरोबर २० तास ४५ मिनिटं मागे.

त्याच डब्याची वीज १४ तारखेला दुपारी ३:१० ते ३:५० गेली होती. तेव्हा घड्याळ फक्त ४० मिनिटं मागे.

तिसऱ्या डब्यात मात्र अधूनमधून थेट १ जानेवारी २०००, सकाळी ५:३०.

कर्नलच्या लॉगमध्ये एकही त्रुटी नाही. क्रोनीने वेळ जुळवल्यावर एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू करून (चिपमध्ये वेळ लिहून) लगेच -आर केलं (ती वाचली) की वेळ अचूक येते. तिन्ही सेल मीटरवर ३.०५ व्होल्ट दाखवतात. भरतीच्या नोंदींचं पार वाटोळं झालंय. तिथीच्या पाऊणपटीने (तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरतीचा तास) जिथे भरती यायला हवी तिथे आलेखात ओहोटीच्या आसपासची पातळी दिसते. चिपा खराब समजून बदलायच्या की ड्रायव्हर उघडायचा?

खाडीकाठ (दापोली)

चिपा बदलू नका. तुमच्या आकड्यांमध्येच उत्तर आहे, फक्त ते एक नसून दोन दोषांची बेरीज आहे. २० तास ४५ मिनिटांतली ४५ मिनिटं म्हणजे वीज गेलेला काळ. १:५० ते २:३५ हे बरोबर तेवढंच भरतं. दुपारच्या वेळी ४० मिनिटं वीज नव्हती, घड्याळ ४० मिनिटं मागे. म्हणजे सेलवर असताना घड्याळ चालतच नाही, वीज गेली त्या क्षणाला गोठून बसतं. सेल मेलेला असता तर तारीखही पुसली गेली असती. तारीख टिकते, पण काटा हलत नाही. याचा अर्थ रजिस्टरांना (चिपमधले एकेका बाइटचे कप्पे) वीज मिळते आहे आणि ऑसिलेटर (घड्याळाचे ठोके देणारा भाग) मुद्दाम बंद केलेला आहे.

डीएस३२३१ मध्ये हे करणारा एकच बिट आहे. कंट्रोल रजिस्टर हेक्स ०ई, बिट ७, नाव ईओएससी. डेटाशीटमध्ये या नावावर आडवी रेघ आहे, म्हणजे अर्थ उलटा: शून्य असेल तर ऑसिलेटर चालू, एक असेल तर बंद. आणि हा बिट फक्त सेलवर असतानाच लागू होतो. मुख्य वीज असताना तो काहीही असला तरी घड्याळ धावतं. म्हणूनच टेबलावर तपासताना सगळं ठीक दिसतं. ज्याने ड्रायव्हर लिहिला त्याने नाव वाचून "एनेबल ऑसिलेटर, मग एक लिहू" असं केलं असणार, ती रेघ नजरेतून सुटली.

आता उरलेले २० तास. चिपमध्ये यूटीसी आहे हे लक्षात घ्या. १२ जुलैचे पहाटे १:५० म्हणजे यूटीसीत ११ जुलैचे २०:२०. तुम्हाला दिसलं ११ जुलै ५:५०, म्हणजे यूटीसी ११ जुलै ००:२०. तारीख तीच, मिनिटं तीच, तासाचे २० चे शून्य झाले. तासाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे हेक्स ०२ मध्ये, २४ तासांच्या पद्धतीत बिट ५ म्हणजे "वीस". १२ तासांच्या पद्धतीत तोच बिट ५ म्हणजे दुपारनंतरची खूण. ड्रायव्हरने वाचताना हेक्स १एफ हा मास्क (नको असलेले बिट गाळणारा आकडा) लावला असेल तर बिट ५ गळून जातो. तो मास्क १२ तासांच्या पद्धतीला बरोबर आहे, २४ साठी हेक्स ३एफ हवा. १९ वाजेपर्यंत काहीच बिघडत नाही, कारण १९ हे बीसीडीत (प्रत्येक दशांश अंक चार बिटांत लिहायची पद्धत) हेक्स १९ आहे आणि १एफ मध्ये मावतं. २० ते २३ मात्र ० ते ३ होतात.

म्हणून आपल्या घड्याळाने रात्री १:३० ते पहाटे ५:३० या चार तासांत चिप जी वेळ धरून असेल, ती २० तास मागे वाचली जाणार. प्रणाली चिपकडून वेळ फक्त बूटच्या वेळी घेते, त्यामुळे इतर वेळी हे कधी दिसणारही नाही.

दोन गोष्टी इथे टाका. एक, आयटूसीट्रान्सफर या आज्ञेने रजिस्टर शून्यपासून १९ बाइट एकाच व्यवहारात वाचून. आयटूसीडम्प बाइट पद्धतीत एकेक बाइट वेगळा वाचतो, वेळेसाठी तो विश्वासाचा नाही. ड्रायव्हर लावलेला असताना -एफ द्यावं लागेल. वाचायला हरकत नाही, त्या मार्गाने लिहू नका. दुसरं, ड्रायव्हरमधलं वेळ वाचण्याचं फंक्शन आणि प्रोब (ड्रायव्हर चिपला जोडला जाताना एकदा चालणारं फंक्शन).

सोल्डर_मालवण

तिसऱ्या डब्याचा प्रश्न वेगळा आहे, तो कोडमध्ये शोधू नका. आधी सेलचा होल्डर बघा, मगे कोड.

१ जानेवारी २०००, मध्यरात्र, ही डीएस३२३१ ची पहिल्यांदा वीज मिळाल्यावरची वेळ. यूटीसीचे ००:०० म्हणजे आपले ५:३०. याचा अर्थ मुख्य वीज नसताना चिपला सेलही मिळाला नाही. तुम्ही सेल मीटरवर ३.०५ मोजलात तो बाहेर काढून किंवा सेलच्याच टोकांवर. तिथे मोजून उपयोग नाही. १६ पायांच्या चिपवर व्हीबॅट (सेलची वीज येते तो) हा १४ क्रमांकाचा पाय, ग्राउंड १३. मुख्य वीज बंद ठेवून त्या दोन पायांवर मोजा, आणि मोजताना होल्डर हलका दाबून सोडा.

मीटरवर तिथेही ३ व्होल्ट दिसले तरी निश्चिंत राहू नका. ही चिप एरवी मायक्रोअँपिअरच्या घरातला विद्युतप्रवाह घेते, पण दर ६४ सेकंदांनी तापमान मोजते आणि त्या क्षणी, साधारण सेकंदाच्या आठव्या हिश्शापुरता, मागणी अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकते. जेटीवरच्या खाऱ्या हवेने होल्डरच्या पत्रीवर हिरवट थर आला असेल आणि त्याचा रोध दोन किलोओहम झाला, तर त्या झटक्यात एक व्होल्टहून जास्त तिथेच पडतो. चिपला किमान २.३ व्होल्ट लागतात. साधा मीटर इतका छोटा झटका पकडत नाही, म्हणून "सेल ठीक आहे, तरी वेळ जाते" अशी तक्रार किनाऱ्यावर वारंवार येते.

उपाय: होल्डरची पत्री फायबर ब्रशने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोर्ड पूर्ण वाळू द्या, मग सेल बसवून कडेने कन्फॉर्मल कोटिंग (दमटपणा अडवणारा पातळ थर) करा. सेल आणि पत्री जिथे टेकतात तिथे कोटिंग जाता कामा नये. त्याहून चांगलं म्हणजे टॅबवाला सेल थेट सोल्डर करणे, पत्रीचा प्रश्नच मिटतो. डब्याचं केबल ग्लँड (केबल आत शिरते ते घट्ट तोंड) खालच्या बाजूला ठेवा आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जातं.

नवा सेल बसवल्यावर एकदा मुख्य वीज द्यायला विसरू नका. नुसता सेल लावल्याने या चिपचा ऑसिलेटर सुरू होत नाही, मुख्य वीज किंवा आयटूसीवरून एकदा पत्ता मिळावा लागतो.

तुमच्याकडे बोर्डावरच चिप आहे की वेगळं निळं झेडएस-०४२ मॉड्यूल? ते मॉड्यूल असेल तर त्यात सेल चार्ज करणारा २०० ओहमचा रेझिस्टर आणि डायोड असतो. ५ व्होल्टवर तो साध्या सीआर२०३२ ला चार्ज करत राहतो. तो सेल चार्ज होण्यासाठी नाही, फुगतो आणि गळतो. तो रेझिस्टर काढून टाका.

जेटी_नोंद (रत्नागिरी)

चिप बोर्डावरच आहे, मॉड्यूल नाही. तिसऱ्या डब्याच्या होल्डरवर खरोखरच हिरवा थर होता. साफ करून टॅबवाला सेल लावला.

पहिल्या डब्यातून १८ जुलैला रात्री १०:४२ ला, क्रोनी जुळलेला असताना वाचलेली रजिस्टरं, ०० पासून ०६ पर्यंत: ३५, १२, १७, ०६, १८, ०७, २५. गजराची ०७ ते ०डी सगळी शून्य. ०ई मध्ये ९सी. ०एफ मध्ये ०८. १० मध्ये ००. ११ आणि १२ मध्ये १एफ, ४०.

ड्रायव्हरमध्ये वेळ वाचताना सात वेळा एसएमबस रीड बाइट (एका वेळी एकच बाइट वाचणं) आहे, सेकंदापासून वर्षापर्यंत. मास्क असे: सेकंद ७एफ, मिनिटं ७एफ, तास १एफ, तारीख ३एफ, महिना ०एफ. प्रोबमध्ये कंट्रोल रजिस्टरला हेक्स ८० ऑर केलंय (म्हणजे बिट ७ एक केलाय), आणि त्यानंतर स्टेटस रजिस्टरमध्ये सरळ हेक्स ०८ लिहिलंय, टिप्पणी आहे "जुने फ्लॅग साफ".

खाडीकाठ (दापोली)

दोन्ही अंदाज पक्के झाले, आणि आणखी तीन दोष सापडले.

९सी म्हणजे दुहेरीत १००१ ११००. सगळ्यात डावीकडचा एक तो ईओएससी. चिपची मूळ किंमत १सी असते. प्रोबमधलं ऑर काढून त्या जागी बिट ७ शून्य करणारं अँड घाला. लक्षात ठेवा, नुसती ऑरची ओळ काढून चालणार नाही. कंट्रोल रजिस्टर सेलवर टिकून राहतं, चिपमध्ये आधीच बसलेला एक तसाच राहील आणि तुम्हाला वाटेल की दुरुस्ती लागूच झाली नाही.

महिन्याचा मास्क ०एफ हा ऑक्टोबरपर्यंत दबा धरून बसलेला दोष आहे. ऑक्टोबर बीसीडीत हेक्स १०, मास्कनंतर शून्य, कर्नलमध्ये महिना ० ते ११ असल्याने त्यातून एक वजा केला की उणे एक. कर्नलमधलं वेळ तपासणारं फंक्शन आरटीसी_व्हॅलिड_टीएम ते नाकारेल आणि महिनाभर बूटला वेळच मिळणार नाही. नोव्हेंबरला जानेवारी आणि डिसेंबरला फेब्रुवारी वाचला जाईल, ते मात्र जवळजवळ सगळे दिवस वैध असल्याने गुपचूप आत शिरेल. हे जास्त वाईट. डबे मे महिन्यात लावलेत म्हणून अजून दिसलं नाही. मास्क हेक्स १एफ करा, म्हणजे बिट ७ वरचा शतकाचा बिटही बाजूला पडतो.

सात वेगळे बाइट वाचणं हाही दोष, क्वचित दिसणारा. आयटूसीवर स्टार्ट झाला की चिप चालू वेळेची प्रत वेगळ्या रजिस्टरांत काढते, म्हणून एका व्यवहारात वाचलेले सात बाइट एकाच क्षणाचे असतात. सात वेगळे व्यवहार म्हणजे सात वेगळे क्षण. १०० किलोहर्ट्झला एक बाइट वाचायला सुमारे ०.४ मिलिसेकंद, सात मिळून पावणेतीन मिलिसेकंद. त्या फटीत मिनिट पालटलं तर सेकंद जुने ५९ आणि मिनिट नवं, घड्याळ एक मिनिट पुढे. तास पालटला तर तासभर पुढे. रेगमॅप (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली सोय) बल्क रीडने शून्यपासून सात बाइट एकदम घ्या. लिहितानाही तसंच, बल्क राइट. रेगमॅपला कॅशे लावत असाल तर ही रजिस्टरं व्होलाटाइल (आपोआप बदलणारी) म्हणून नोंदवा, नाहीतर पहिल्यांदा वाचलेली वेळच परत परत मिळेल.

पाचवा दोष सगळ्यात गंभीर आहे. स्टेटस रजिस्टर हेक्स ०एफ, बिट ७, ओएसएफ. ऑसिलेटर कधीही थांबला की चिप हा बिट एक करते आणि कोणी शून्य करेपर्यंत तो एकच राहतो. तुमच्या डब्यात वीज गेली की तो प्रत्येक वेळी एक होत होता. चिप ओरडून सांगत होती की माझी वेळ भरवशाची नाही. प्रोबने हेक्स ०८ लिहून ते पुसलं, आणि मग कर्नलने गोठलेली वेळ खरी मानून प्रणालीला दिली. लॉगमध्ये त्रुटी नव्हती ती यामुळे. हा बिट राखला असता तर बाकीचे दोष पहिल्याच पावसात उघडे पडले असते.

योग्य जागा अशी: रीड_टाइममध्ये आधी स्टेटस वाचा, ओएसएफ एक असेल तर उणे ईइनव्हॅल (अवैध मूल्याचा त्रुटीसंकेत) परत करा, वेळ देऊच नका. सेट_टाइममध्ये आधी सात बाइट लिहा, ते यशस्वी झाले तरच ओएसएफ शून्य करा. क्रम उलटा केलात आणि मध्ये बसवर अडथळा आला, तर चुकीच्या वेळेवर खरेपणाचा शिक्का बसतो. प्रोबने या बिटाला हातच लावायचा नाही. पीसीएफ८५६३ या दुसऱ्या घड्याळ-चिपचा कर्नलमधला ड्रायव्हर याच पद्धतीने चालतो, त्याचा व्हीएल बिट (व्होल्टेज कमी झाल्याची खूण) बघून घ्या, नमुना म्हणून चांगला आहे.

आणि -डब्ल्यू नंतर -आर करून बरोबर आलं, या तपासणीवर विसंबू नका. लिहिण्या-वाचण्यात सारखीच चूक असेल तर ती एकमेकांना झाकते. समजा दोन्हीकडे महिन्यात एक मिळवायचा-वजा करायचा राहिला. जुलैमध्ये चिपमध्ये ०६ बसेल, वाचताना जुलैच दिसेल. पण चिपच्या मते तो जून, ३० दिवसांचा. ३० जुलैनंतर ती थेट १ ऑगस्ट दाखवेल. कच्ची रजिस्टरं डोळ्यांनी वाचल्याशिवाय हे कळत नाही. तुमच्या वाचनात यूटीसी १७:१२:३५, १८ जुलै २५ हे जसंच्या तसं दिसतं, म्हणजे लिहिण्याची बाजू तरी स्वच्छ आहे.

रात्रपाळी_देवगड

पाच दोष एका दीडशे ओळींच्या ड्रायव्हरमध्ये, तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा काढून टाका. डीएस३२३१ साठी कर्नलच्या झाडातच (मूळ सोर्समध्येच) ड्रायव्हर आहे: ड्रायव्हर्स/आरटीसी/ मधला आरटीसी-डीएस१३०७. नाव १३०७ असलं तरी तो या घराण्यातल्या बऱ्याच चिपा सांभाळतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी यादी) त्या चिपच्या नोडचं कंपॅटिबल "मॅक्सिम,डीएस३२३१" करा, रेग हेक्स ६८, आणि विक्रेत्याचं मॉड्यूल इमेजमधूनच (डब्यात टाकायच्या तयार प्रणालीतूनच) हटवा. कॉन्फिगमध्ये आरटीसी_डीआरव्ही_डीएस१३०७ हा मॉड्यूल न ठेवता वाय (कर्नलमध्येच बांधलेला) करा. आयटूसी कंट्रोलरचा ड्रायव्हरही वाय. आरटीसी_एचसीटोसिस (बूटला चिपची वेळ प्रणालीला देणं) वाय, त्याचं डिव्हाइस आरटीसी० आहे ना ते पाहा. काही एसओसीत (बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये) स्वतःचं सेल नसलेलं घड्याळ असतं आणि तेच आरटीसी० होऊन बसतं, तसं असेल तर एलियासमध्ये आरटीसी० आपल्या चिपला द्या. बूटनंतर सिस/क्लास/आरटीसी/आरटीसी०/एचसीटोसिस मध्ये १ दिसला पाहिजे.

हा ड्रायव्हर प्रोबमध्ये ईओएससी स्वतः शून्य करतो आणि मास्क बरोबर आहेत. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या: ५.१० मध्ये तोही या चिपसाठी प्रोबमध्येच ओएसएफ पुसतो, फरक एवढाच की लॉगमध्ये "सेट टाइम!" असा इशारा टाकतो. त्यानंतरची वेळ तो वैध म्हणूनच देतो. नोंदणीच्या डब्याला हे पुरेसं नाही. खाडीकाठ यांनी सांगितलेला बदल, म्हणजे रीड_टाइममध्ये तपासणी आणि सेट_टाइममध्ये पुसणे, आपल्या इमेजमध्ये पॅच म्हणून ठेवा. मूळ कर्नलमध्ये घेण्यासाठी वर पाठवायचा असेल तर आधी आजच्या मूळ झाडावर तो भाग कसा आहे ते वाचा, चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) चालवा आणि गेट_मेंटेनरने कोणाला पाठवायचा ते पत्ते काढा. आरटीसी उपप्रणाली अलेक्सांद्र बेलोनी सांभाळतात, लिनक्स-आरटीसी ही मेलिंग लिस्ट आहे. एका पॅचमध्ये एकच बदल, आणि वर्णनात लक्षण आकड्यांसकट.

आता युजरस्पेस. वीज व्यवस्थित बंद करताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू आहे का बघा. असेल तर काढा. बूटला वेळ चुकीची वाचली, नेटवर्क आलं नाही, आणि डबा बंद केला, की ती चुकीची वेळ चिपमध्ये कायमची लिहिली जाते. आरटीसी_सिसटोएचसी चालू असेल तर क्रोनी जुळलेला असताना कर्नल दर ११ मिनिटांनी चिप स्वतः लिहितो, आणि जुळलेला नसेल तर लिहीत नाही. अट नेमकी हीच हवी. क्रोनीच्या फाइलमध्ये आरटीसीसिंक आहे का ते पाहा, त्याशिवाय हे घडत नाही.

नोंदींमध्ये प्रत्येक ओळीला वेळेसोबत बूटचा ओळखक्रमांक आणि बूटपासूनचे सेकंद लिहा, क्लॉक_बूटटाइम मधून. ते घड्याळ मागे-पुढे उडी मारत नाही. मग बूटला वेळ नसली तरी नोंद थांबवायची गरज नाही. नेटवर्क आल्यावर त्या बूटचा शून्य क्षण कळतो आणि मागच्या सगळ्या ओळी जागेवर बसतात.

जुन्या नोंदीही बऱ्याचशा वाचवता येतील. क्रोनीने वेळ जुळवताना किती सेकंदांची उडी मारली ते जर्नलमध्ये असतं. ती उडी त्या एका बूटच्या, उडीआधीच्या ओळींना मिळवा, दुसऱ्या कुठल्याही नाही. ७४,७०० च्या आसपासचा आकडा दिसला तर ती तुमची १२ जुलैची रात्र. जिथे उडीआधीच वीज पुन्हा गेली, त्या तुकड्यांना स्वतःचा आधार नाही. शेजारच्या डब्याच्या भरतीच्या आलेखावर सरकवून बसवा, पण "अंदाजित वेळ" असा शेरा मारून. उधाणात चढ-उतार तीव्र असल्याने जुळणी चांगली होते. भांगाच्या भरतीच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) आलेख सपाट असतो, तेव्हा घाई करू नका.

जेटी_नोंद (रत्नागिरी)

झाडातला ड्रायव्हर आणि ओएसएफचा पॅच एका डब्यात टाकला. कंट्रोलचा बिट ७ आता शून्य. वीज तोडून २० मिनिटं ठेवली, परत दिली, घड्याळ मनगटी घड्याळाशी सेकंदात जुळलं. सेल काढून वीज तोडली तेव्हा एचडब्ल्यूक्लॉक -आर ने वेळ द्यायला नकार दिला, तसंच हवं होतं.

एक नवीन अडचण: सेल असताना -आर केलं की दहा सेकंद अडकतो आणि मग "सिलेक्ट टू डेव्ह आरटीसी० टू वेट फॉर क्लॉक टिक टाइम्ड आउट". विक्रेत्याच्या ड्रायव्हरवर हे नव्हतं. आणि ऑक्टोबरची वाट न बघता सगळ्या सीमा कशा तपासायच्या?

खाडीकाठ (दापोली)

टाइम्ड आउट म्हणजे ड्रायव्हरला वाटतंय की चिपकडून इंटरप्ट (वेगळ्या तारेवरचा इशारा) येणार, आणि तो येत नाही. डिव्हाइस ट्रीच्या नोडमध्ये इंटरप्ट्स हा गुणधर्म असेल. बोर्डावर चिपचा पाय ३ कुठे जातो ते पाहा. तो कुठेच जोडलेला नसेल तर इंटरप्ट्स आणि वेकअप-सोर्स दोन्ही काढा. एचडब्ल्यूक्लॉक मग स्वतः सतत वाचून सेकंद पालटायची वाट बघेल, जास्तीत जास्त एक सेकंद. पाय जोडलेला असेल तर तो ओपन ड्रेन आहे (फक्त खाली ओढतो), ४.७ किंवा १० किलोओहमचा पुल-अप लावा आणि प्रकार लेव्हल लो ठेवा.

सीमांची तपासणी: क्रोनी थांबवा, नाहीतर कर्नल मध्येच चिप लिहून टाकेल. टीझेड (प्रणालीचा वेळपट्टा) यूटीसी ठेवून एचडब्ल्यूक्लॉक --सेट --डेट --यूटीसी चालवा, म्हणजे साडेपाच तासांचा हिशेब डोक्यात करावा लागत नाही. पुढच्या वेळा लावा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून -आर करा आणि सोबत कच्ची रजिस्टरं वाचा: कुठल्याही दिवशी १९:५९:५५, म्हणजे आपला रात्रीचा दीड. ३० सप्टेंबर २३:५९:५५. ३१ डिसेंबर २३:५९:५५. २८ फेब्रुवारी २०२७ आणि २८ फेब्रुवारी २०२८, दोन्ही २३:५९:५५, पहिल्यानंतर १ मार्च आणि दुसऱ्यानंतर २९ फेब्रुवारी यायला हवी. १९ जानेवारी २०३८ ०३:१४:०५ ही वेळही लावा. बोर्ड ३२ बिटचा असेल तर चिप पुढे जाईल, पण जुन्या सी लायब्ररीवर बांधलेला नोंदणीचा प्रोग्राम तिथे उलटतो, ते आताच कळलेलं बरं. कर्नलच्या झाडात टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स/आरटीसी मध्ये आरटीसीटेस्ट आहे, तोही चालवा. त्यात गजराच्या चाचण्या आहेत, इंटरप्ट काढला असेल तर त्या होणार नाहीत, काळजी नको.

शेवटी क्रोनी चालू करून जुळू द्या आणि मगच एकदा -डब्ल्यू. तपासणीतली २०३८ ची तारीख चिपमध्ये राहून डबा जेटीवर गेला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

सोल्डर_मालवण

उरलेल्या दोन डब्यांत इमेज टाकायला उघडाल तेव्हा पहिल्या दोन डब्यांचे होल्डरही बदला, हिरवा थर एकावर आला म्हणजे बाकीचे रांगेतच आहेत. उघडल्यावर भर पावसात जेटीवर झाकण लावू नका. कोरड्या खोलीत नवी सिलिका जेल घालून बंद करा आणि बंदच घेऊन जा, केबल बाहेरच्या कनेक्टरवर जोडा.